‘सी’चा ‘स’ की ‘क’? अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील प्राचीन नावांचे उच्चार

अद्भुतरम्य कादंबरीच्या पहिल्या काही पानांतच वाचक अडखळतो तो नावांपाशी. कुठे दोन ‘एल’ जोडीने उभे असतात, कुठे ‘डब्ल्यू’ आणि ‘वाय’ यांच्या मध्ये एकही ओळखीचा स्वर दिसत नाही, कुठे ‘बी’ आणि ‘एच’ एकत्र येऊन भलताच ध्वनी देतात. बहुतेक वाचक अशा वेळी नावाच्या आकृतीवरून पात्र ओळखतात आणि पुढे सरकतात. मनातल्या मनात वाचताना हे खपून जाते. परंतु मुलांना गोष्ट वाचून दाखवायची असेल, पुस्तकाविषयी चारचौघांत बोलायचे असेल किंवा त्याचा मराठी अनुवाद करायचा असेल, तर अडचण समोर उभी राहते. देवनागरीत नाव लिहायचे म्हणजे उच्चाराचा निर्णय घेणे आलेच. रोमन लिपीतले नाव जसेच्या तसे उतरवून जबाबदारी टाळण्याची सोय मराठी लेखकाला नाही.

ही नावे लेखकांनी हवेतून घेतलेली नसतात. त्यांपैकी पुष्कळशी वेल्श, आयरिश, नॉर्स, जुनी इंग्रजी, ग्रीक, लॅटिन, अक्कादी अशा भाषांतून आलेली असतात किंवा त्या भाषांच्या ध्वनिव्यवस्थेवर बेतलेली असतात. त्यामुळे नाव कसे उच्चारावे, हा प्रश्न लहरीचा राहत नाही. त्याला बहुतेक वेळा निश्चित उत्तर असते आणि ते शोधण्याची पद्धतही असते.

अक्षर एक, नियम अनेक

रोमन लिपी ही कोणत्याही एका भाषेची नाही. तिच्यातील अक्षरांना प्रत्येक भाषेने आपापले ध्वनी नेमून दिले आहेत. हे तत्त्व गोमंतकातील वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. केपे आणि सांगे ही तालुक्यांची नावे रोमन लिपीत पोर्तुगीज पद्धतीने लिहिली जातात. पोर्तुगीजमध्ये ‘ई’पूर्वीच्या ‘क्यू-यू’चा उच्चार ‘क’ आणि ‘जी-यू’चा उच्चार ‘ग’ होतो, तर शेवटचा ‘एम’ हा स्वतंत्र ‘म’ नसून आधीच्या स्वराचे अनुनासिक दाखवतो. हा नियम ज्याला माहीत नाही तो बाहेरचा पर्यटक पाटी वाचून ‘क्वेपेम’ आणि ‘सँग्वेम’ म्हणतो. पाटीवरील अक्षरे चुकीची नसतात. ती पोर्तुगीज नियमाने लिहिलेली असतात आणि इंग्रजी नियमाने वाचली जातात.

कादंबरीतील प्राचीन नावांच्या बाबतीत नेमके हेच घडते. म्हणून पहिला प्रश्न ‘हे नाव कसे दिसते’ हा नसून ‘हे नाव कोणत्या भाषेचे आहे’ हा असावा लागतो.

टोल्कीन यांचे परिशिष्ट

या विषयात सर्वांत व्यवस्थित मार्गदर्शन करून ठेवले ते जे. आर. आर. टोल्कीन यांनी. ते १९२५ पासून ऑक्सफर्ड विद्यापीठात अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक होते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा खंड १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टांपैकी एक खास लेखन आणि उच्चार यांना वाहिलेले आहे. कादंबरीतील एल्फ जमातीच्या दोन भाषा टोल्कीन यांनी स्वतः घडवल्या. क्वेन्या या भाषेवर फिनिश, लॅटिन आणि ग्रीक यांची छाया आहे, तर सिंदारिनची ध्वनिव्यवस्था वेल्श भाषेच्या वळणाची आहे.

त्यांचा पहिला नियम असा की, या भाषांत ‘सी’ या अक्षराचा उच्चार नेहमी ‘क’ असतो, पुढे ‘ई’ किंवा ‘आय’ आला तरीही. म्हणून गॅलाड्रिएलच्या पतीचे नाव ‘सेलेबोर्न’ नसून ‘केलेबोर्न’ आहे आणि भयाण खिंडीचे नाव ‘किरिथ उंगोल’ आहे. ‘जी’चा उच्चार नेहमी ‘ग’, कधीही ‘ज’ नाही. ‘आर’ कोणत्याही स्थानी गिळायचा नाही. तो मराठी ‘र’सारखा स्पष्ट म्हणायचा. म्हणजे इंग्रजी माणसाला जो नियम शिकावा लागतो तो मराठी माणसाच्या जिभेवर आधीच असतो. ‘ए-यू’ ही जोडी ‘औ’सारखी आहे, म्हणून ‘सॉरॉन’ऐवजी ‘सौरोन’.

शब्दाच्या अखेरचा ‘एफ’ सिंदारिनमध्ये ‘व’ होतो. ‘निंदाल्व’ या दलदलीच्या नावात तो तसा आहे. मग ‘गँडाल्फ’चे काय? ते नाव एल्फ भाषेतले नाही. आइसलँडमध्ये लिहून ठेवलेल्या प्राचीन नॉर्स काव्यातील बुटक्यांच्या नामावळीत ‘गांदाल्व्र’ असे नाव येते, तिथून टोल्कीन यांनी ते उचलले. ‘द हॉबिट’ (१९३७) मधील थोरिन, द्वालिन आणि त्यांच्या पूर्वजाचे ‘दुरिन’ हे नावही त्याच यादीतले. मात्र कादंबरीत गँडाल्फ हे माणसांनी दिलेले नाव आहे, म्हणून त्याच्या शेवटी इंग्रजी वळणाचा ‘फ’ राहतो. एकाच पुस्तकातील, एकाच अक्षराने संपणारी ही दोन नावे दोन वेगळ्या नियमांनी वाचावी लागतात, कारण त्यांची कुळे वेगळी आहेत.

आघाताचा नियम तर मराठी वाचकाला परिचित परिभाषेत सांगता येतो. लघु-गुरूचा विचार आपल्या छंदशास्त्रात आहे. दीर्घ स्वर असलेले किंवा पुढे जोडाक्षर आलेले अक्षर गुरू, बाकीचे लघू. टोल्कीन यांच्या एल्फ भाषांत दोन अक्षरी नावाचा आघात पहिल्या अक्षरावर असतो. त्याहून मोठ्या नावात शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर येतो. ते लघू असेल तर आघात आणखी एक अक्षर मागे सरकतो. ‘इसिल्दुर’मध्ये ‘सि’नंतर ‘ल्द’ हे जोडाक्षर आहे, म्हणून जोर ‘सिल्’वर. ‘देनेथोर’मध्ये ‘ने’ लघू आहे, म्हणून जोर ‘दे’वर. अभिजात लॅटिनचाही आघाताचा नियम हाच आहे आणि टोल्कीन यांना तो शालेय वयापासून ठाऊक होता.

रोहान या घोडेस्वारांच्या राज्यातील नावे मात्र जुन्या इंग्रजीतील आहेत. थेओदेन हे कादंबरीत राजाचे नाव आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘स्वामी’, ‘राजा’ या अर्थाचा सामान्य शब्द होता. त्यातील ‘एओ’ हा एका दमात म्हणायचा संयुक्त स्वर आहे. एओमेर आणि एओविन या बहीणभावांच्या नावांतही तोच आहे. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्याचे नाव त्याच कारणाने ‘बेओ-वुल्फ’ असे दोनच ठोक्यांत म्हणावे लागते. या भाषेत ‘एस-सी’ ही जोडी ‘श’ होते आणि ‘सी’ काही ठिकाणी ‘च’ होतो. म्हणजे ‘सी म्हणजे क’ हा नियमही सरसकट सगळीकडे लावता येत नाही.

टोल्कीन यांनी १९५२ मध्ये एका मित्राच्या घरी ध्वनिमुद्रण यंत्रासमोर कादंबरीतील काही उतारे वाचून दाखवले होते. ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. लेखकाच्या स्वतःच्या आवाजातील असा पुरावा फार थोड्या कादंबऱ्यांना लाभतो.

वेल्श : दोन अक्षरांचा एक वर्ण

इंग्रजीतील अद्भुतरम्य साहित्यावर वेल्श कथांचे ऋण मोठे आहे. मध्ययुगीन वेल्श हस्तलिखितांतील कथा शार्लट गेस्ट यांनी १८३८ ते १८४९ या काळात इंग्रजीत आणल्या आणि ‘मॅबिनोगियन’ हे नाव सर्वत्र झाले. अमेरिकन लेखक लॉइड अलेक्झांडर दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून काही काळ वेल्समध्ये होते. त्यांची ‘प्रिडेन’ मालिका १९६४ पासून प्रसिद्ध होऊ लागली आणि तिच्या अखेरच्या भागाला १९६९ चे न्यूबेरी पदक मिळाले. तिच्यातील ग्विद्यॉन आणि आरौन ही पात्रनामे या जुन्या कथांतलीच आहेत. सुझन कूपर यांच्या ‘द ग्रे किंग’ (१९७५) या कादंबरीत तर वेल्श मुलगा ब्रान हा आपल्या इंग्रज मित्राला गावांच्या नावांचे उच्चार शिकवतो. उच्चाराचा पाठ हा तिथे कथेचाच भाग झाला आहे.

वेल्श वर्णमालेत आज २९ अक्षरे मानली जातात आणि त्यांपैकी ८ अक्षरे रोमन लिपीची दोन-दोन चिन्हे जोडून लिहिली जातात. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही जोडाक्षरे असूनही आपण त्यांना वर्णमालेत स्वतंत्र जागा देतो, तसाच हा प्रकार. एकटा ‘एफ’ म्हणजे ‘व’. ‘फ’ हवा असेल तर दोन ‘एफ’ लिहावे लागतात. दोन ‘डी’ म्हणजे इंग्रजी ‘धिस’ या शब्दाच्या आरंभीचा, जीभ दातांना हलकेच लावून म्हणायचा ध्वनी. ‘सी-एच’ म्हणजे उर्दू ‘ख़बर’मधील घशातला ‘ख़’. ‘डब्ल्यू’ हे बऱ्याचदा ‘उ’ स्वराचे चिन्ह असते. स्वरच नसलेली वाटणारी वेल्श नावे त्यामुळे प्रत्यक्षात स्वरांनी भरलेली असतात.

सर्वांत बिकट समजला जातो तो दोन ‘एल’चा ध्वनी. मराठी वाचकाला तिथे ‘ळ’ म्हणण्याचा मोह होतो, पण तो ‘ळ’ नव्हे. जीभ ‘ल’साठी ठेवतात तिथेच ठेवावी, कंठातून आवाज न काढता जिभेच्या कडांवरून हवा सोडावी, जो फुसफुसता ‘ल’ ऐकू येईल तो हा ध्वनी. देवनागरीत त्याला चिन्ह नाही. ‘ल्ह’ लिहून त्याच्या जवळपास जाता येते.

उलट दोन गोष्टी मराठीला अनपेक्षितपणे सोप्या आहेत. ‘आर-एच’ या जोडीसाठी इंग्रजीत जागा नाही, पण मराठीत ‘ऱ्हास’मधला ‘ऱ्ह’ आहे. वेल्श ध्वनी त्याहून अधिक श्वासमय असला तरी ‘ऱ्हिआनॉन’ हे लेखन ‘रियानन’पेक्षा मूळ नावाच्या कितीतरी जवळ जाते. दुसरी गोष्ट ‘वाय’ची. शेवटच्या अक्षरात आणि एकाक्षरी नावांत तो ‘इ’सारखा असतो, पण आधीच्या अक्षरांत मराठी ‘अ’सारखा अस्फुट. म्हणून ऱ्हिआनॉनच्या मुलाचे नाव ‘प्रायडेरी’ किंवा ‘प्रिडेरी’ नसून ‘प्रदेरी’ आहे. ‘प्र’मध्ये आपण जो ‘अ’ मिसळतो तोच तिथे हवा असतो. वेल्श नावांत आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो : प्र-दे-री, ऱ्हि-आ-नॉन.

जगप्रसिद्ध जादूगार मर्लिन याचे वेल्श नाव ‘मर्दिन’ असे आहे, त्यातील ‘द’ वर सांगितलेला मृदू ध्वनी. बाराव्या शतकात मॉन्मथच्या जेफ्रीने लॅटिनमध्ये लिहिताना त्याचे ‘मेर्लिनुस’ केले आणि सारे युरोप त्याच नावाने त्याला ओळखू लागले. म्हणजे प्राचीन नावे दुसऱ्या भाषेच्या लेखणीतून जाताना बदलतात, ही आजची तक्रार नाही.

आयरिश : ‘एच’ची करामत

आयरिश लेखनाची कीर्ती याहूनही अवघड अशी आहे. परंतु तिचा एक नियम समजला की निम्मी कोडी सुटतात. या भाषेत व्यंजने विशिष्ट स्थितीत मृदू होतात. जुन्या आयरिश लिपीत अशा व्यंजनाच्या डोक्यावर टिंब देत, देवनागरीत नुक्ता देतात त्यासारखे. पुढे रोमन छपाईत टिंबाची जागा ‘एच’ने घेतली. त्यामुळे ‘बी-एच’ आणि ‘एम-एच’ यांचा उच्चार ‘व’च्या जवळ जातो, ‘टी-एच’ आणि ‘एस-एच’ यांचा ‘ह’ होतो, तर ‘एफ-एच’ मुळीच उच्चारला जात नाही. दुसरा नियम असा की ‘इ’ किंवा ‘ए’च्या शेजारचा ‘एस’ हा ‘श’ होतो.

हे दोन नियम लावले की समुद्रापलीकडच्या चिरतरुण देशाची राजकन्या ‘नियाम’ राहत नाही, ‘नीव’ होते. तिच्यासोबत गेलेला कवी ‘ओइसिन’चा ‘ओशीन’ होतो. अनेक कादंबऱ्यांत भेटणारी भूमीखालची अमानुष जमात ‘सिधे’ नसून ‘शी’ आहे. याचा पुरावा इंग्रजीतच आहे. मरणाची चाहूल देणारी ‘बॅनशी’ हा शब्द ‘बॅन’ म्हणजे स्त्री आणि ‘शी’ म्हणजे ती जमात यांतूनच बनला आहे. पराक्रमी वीराचे नाव ‘कू खुलिन’, म्हणजे कुलनचा शिकारी कुत्रा. यातील ‘ख’ पुन्हा घशातला.

मात्र इथे काळाचा प्रश्न येतो. कोनाख्टची राणी जुन्या हस्तलिखितांत ज्या अक्षरांत येते ती एकेक करून वाचली तर ‘मेद्ब’ होतात. जुन्या आयरिशमध्ये तिचे नाव ‘मेद्व’च्या जवळपास उच्चारले जाई, आजच्या आयरिशमध्ये ते ‘मेव’ आहे. दोन्ही उच्चार आयरिशच. मध्ये हजार-बाराशे वर्षांचे अंतर आहे. म्हणून ‘कोणती भाषा’ या प्रश्नाला जोडूनच ‘कोणत्या काळातील’ हाही प्रश्न विचारावा लागतो.

विदिशेचा स्तंभ आणि ग्रीकांची नावे

मृत झालेल्या किंवा पार बदललेल्या भाषांचे उच्चार कळतात तरी कसे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्यासाठी अभ्यासक अनेक दिशांनी पुरावा गोळा करतात. वृत्तांमधून अक्षरांचे लघुत्व-गुरुत्व कळते. अनुप्रासातून कोणते ध्वनी सारखे मानले जात ते कळते. अल्पशिक्षितांनी केलेल्या लेखनातील चुका त्यांच्या कानावर काय पडत होते ते सांगतात. आणि एका भाषेतील नाव दुसऱ्या भाषेच्या लिपीत लिहिले गेले असेल, तर तो साक्षीदार फार मोलाचा ठरतो.

असा एक साक्षीदार मध्य प्रदेशात, इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला जवळ असलेल्या विदिशेला उभा आहे. बेसनगरचा गरुडस्तंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तक्षशिलेहून आलेल्या एका ग्रीक राजदूताने वासुदेवाच्या भक्तीने उभारला. त्यावरील ब्राह्मी लेखात राजदूताचे नाव ‘हेलिओदोर’ असे आहे आणि त्याला पाठवणाऱ्या राजाचे ‘अंतलिकित’. ग्रीक लिपीत त्या काळी नावाच्या आरंभीचा ‘ह’ सहसा लिहिला जात नसे. प्राकृत लेखकाने तो ऐकला आणि नोंदवला. अशोकाच्या तेराव्या शिलालेखातही अंतियोक, तुरमाय, अंतिकिनि, मक आणि अलिकसुदर असे पाच यवन राजे येतात.

या लेखांत आणखी एक धडा आहे. ग्रीकांच्या नावांतील दंत्य ध्वनींसाठी लेखकांनी ‘त’ आणि ‘द’ वापरले, ‘ट’ आणि ‘ड’ नव्हे. इंग्रजांचे ‘टी’ आणि ‘डी’ आपल्या कानाला मूर्धन्य वाटतात, म्हणून मराठीत इंग्रजी शब्द ‘ट-ड’ने लिहिण्याची रीत पडली आणि ती योग्यच आहे. परंतु ग्रीक देवतांचाही प्रवेश इंग्रजीच्या दारातून झाल्यामुळे त्या ‘ॲफ्रोडायटी’ आणि ‘मेड्यूसा’ झाल्या. थेट ग्रीकमधून आणल्या तर त्या ‘अफ्रोदिते’ आणि ‘मेदूसा’ होतात.

ग्रीकच्या बाबतीत देवनागरीची आणखी एक देणगी आहे. अभिजात काळातील ग्रीकमध्ये ‘फी’, ‘थीटा’ आणि ‘खी’ ही अक्षरे आपल्या ‘फ’, ‘थ’, ‘ख’ यांच्यासारखे महाप्राण ध्वनी दाखवत. इंग्रज विद्यार्थ्याला ते कष्टाने शिकावे लागतात, मराठी मुलाला बाराखडीतच भेटतात. त्यामुळे ट्रॉयच्या युद्धातील वीर ‘अखिलेउस’ असा देवनागरीत अचूक उतरतो. अर्थात प्राचीन साक्षीदारही आपल्या कानाने ऐकतो. ‘अंतिओखोस’मधला ‘ख’ प्राकृतात ‘क’ झालाच. आजच्या ग्रीकमध्येही हे ध्वनी घर्षक झाले आहेत.

लॅटिनचा ‘सी’ अभिजात काळात नेहमी ‘क’ होता. ‘सीझर’चा मूळ उच्चार ‘काएसर’च्या जवळचा. इंग्रजीत तो हरवला, पण ग्रीक, अरबी, फारसी असा प्रवास करून तो भारतात ‘कैसर’ या रूपाने टिकून राहिला. व्हिक्टोरिया राणीला १८७७ मध्ये ‘कैसर-ए-हिंद’ म्हणून घोषित करण्यात आले आणि याच नावाचे पदक गांधीजींनी १९२० मध्ये परत केले. इंग्रजांच्या त्या बिरुदात रोमन सम्राटाचे नाव त्यांच्या स्वतःच्या भाषेपेक्षा अधिक शुद्ध रूपात होते.

रूढ उच्चारांचे काय?

प्रत्येक नाव मुळापर्यंत नेलेच पाहिजे असा मात्र याचा अर्थ नाही. हॅरी पॉटरची मैत्रीण आणि ट्रॉयच्या हेलनची मुलगी या दोघींचे नाव रोमन लिपीत एकच आहे. परंतु पहिली आजच्या इंग्लंडमधील मुलगी असल्यामुळे तिचा इंग्रजी उच्चार ‘हर्मायनी’ हाच बरोबर. जे. के. रोलिंग यांनी मालिकेच्या चौथ्या पुस्तकात (२००० साली) तिच्याकडूनच परदेशी पाहुण्याला तो शिकवून घेतला आहे. ग्रीक पुराणकथेतील राजकन्येचे नाव मात्र ‘हेर्मिओने’ लिहिणे उचित. मॅडलिन मिलर यांच्या २०१८ मधील कादंबरीची नायिका इंग्रजी वाचकाला ‘सर्सी’ आहे, होमरच्या श्रोत्यांना ती ‘किर्के’ होती. अनुवादकाने यांपैकी एक पर्याय निवडून तो शेवटपर्यंत पाळला, तर दोन्ही चालतील. एकाच पुस्तकात ‘सर्सी’ आणि ‘अखिलेउस’ शेजारी बसवले तर वाचक गोंधळतो.

भारतीय लेखनातही हा प्रश्न आहे. अमीश त्रिपाठी यांच्या २०१० मधील पहिल्या कादंबरीमुळे ‘मेलुहा’ हे नाव घरोघरी पोहोचले. ते मुळात मेसोपोटेमियाच्या इष्टिकालेखांतील आहे आणि बहुतेक अभ्यासक ते सिंधू संस्कृतीच्या प्रदेशाशी जोडतात. विद्वान ते रोमन लिपीत लिहिताना ‘एच’खाली एक चिन्ह देतात. त्या चिन्हाचा अर्थ घशातला ‘ख़’; म्हणून मूळ नाव ‘मेलुख़्ख़ा’च्या जवळ जाते. छपाईत चिन्ह गळाले आणि ‘ह’ राहिला. कादंबरीपुरते ‘मेलुहा’ आता रूढ झाले आहे; इतिहासाविषयी बोलताना मात्र मूळ ध्वनी ठाऊक असलेला बरा.

शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी घरातही डोकावून पाहावे. ‘ज्ञानेश्वर’ मराठी माणूस ‘द्न्यानेश्वर’ म्हणतो, हिंदी भाषक ‘ग्यानेश्वर’. संस्कृतातील ‘ज्’ आणि ‘ञ’ यांचा संयोग दोघांच्याही तोंडी नाही. ‘कृष्ण’ इकडे ‘क्रुष्ण’ होतो, तिकडे ‘क्रिष्ण’. बडोद्यात किंवा ग्वाल्हेरीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा फरक रोज ऐकू येतो. प्रातिशाख्ये आणि शिक्षाग्रंथ रचून उच्चार जपणाऱ्या परंपरेतही बदल झाले, मग इतर भाषांत ते होणारच.

देवनागरीत लिहिताना

या सगळ्यातून वाचकाला आणि अनुवादकाला उपयोगी पडेल असा क्रम सांगता येतो. आधी पुस्तकाच्या शेवटी उच्चारसूची आहे का ते पाहावे. टोल्कीन यांच्याप्रमाणे रॉबर्ट जॉर्डन यांनीही आपल्या ‘व्हील ऑफ टाइम’ मालिकेत अशी सूची दिली आहे. लेखकाचा शब्द त्याच्या जगापुरता अखेरचा मानावा. सूची नसेल तर नावाचे कुळ ओळखावे : दोन ‘एल’ किंवा दोन ‘डी’ दिसले तर बहुधा वेल्श, ‘बी-एच’ किंवा ‘एम-एच’ दिसले तर आयरिश, ‘जे’च्या पुढे किंवा मागे ठिपके दिलेला ‘ओ’ दिसला तर नॉर्स, आणि मग ‘जे’ म्हणजे ‘य’ समजून ‘म्योल्निर’, ‘योर्मुंगांद्र’ असे वाचावे. त्यानंतर काळ ठरवावा. ‘त-द’ की ‘ट-ड’ हा निर्णय मूळ भाषेवरून घ्यावा, सवयीवरून नव्हे. जो ध्वनी देवनागरीत नाही त्यासाठी जवळचे अक्षर निवडून पहिल्या उल्लेखात एका वाक्यात खुलासा करावा. नुक्ते आणि चिन्हे यांची गर्दी करून वाचकाला घाबरवू नये. निवडलेले रूप मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच राहावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. वेल्श आणि आयरिश या काही संग्रहालयातील भाषा नाहीत. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांना, म्हणजे तीन वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या लोकसंख्येच्या १७.८ टक्क्यांना, वेल्श बोलता येते. एकोणिसाव्या शतकात तिथल्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवून त्याला शिक्षा करीत असत. त्यातून तगलेल्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांना आपल्या पुराणकथांतील नावे इंग्रजी वळणाने वाकवलेली ऐकू येतात, तेव्हा त्यांना काय वाटत असेल हे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला सांगावे लागत नाही. ‘टिळक’ यांचे ‘तिलक’ आणि ‘काळे’ यांचे ‘काले’ झालेले त्याने हजेरीपटावर, शिधापत्रिकेवर आणि बँकेच्या पुस्तकावर पाहिलेले असते. रोमन लिपीत ‘ळ’ नाही आणि विचारण्याची तसदी कोणी घेतलेली नसते.

मराठी अनुवादकाच्या हाती मात्र अशी लिपी आहे जिच्यात ‘ऱ्ह’ आहे, ‘ख’ आणि ‘थ’ आहेत, ‘त’ आणि ‘ट’ वेगळे आहेत. बेसनगरच्या त्या लेखकाने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका परक्याचे नाव नीट ऐकून दगडावर उतरवले. कादंबरीच्या पानावर ते करणे त्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे.